विजेची वाकळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापड, सुईदोरा आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र आणून कलाकृती करू पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. उदाहरणं सातारा-सांगलीची आहेत: वाकळ, घोंगडी, हळद, कृष्णेचा पूर. शिवण येते पण विजेची भीती वाटते अशांना आणि सर्किट कळतं पण सुई धरता येत नाही अशांना, दोघांनाही उपयोग व्हावा अशी मांडणी आहे. यातला अवघड भाग शिवणीचा आहे, विजेचा नाही. दहावीपर्यंतचं विज्ञान इथे पुरतं. सरळ, घट्ट, न सुटणारा टाका मात्र हातात मुरावा लागतो, आणि तो आपल्याकडच्या हजारो बायकांच्या हातात आधीपासूनच आहे.

कापड आणि कॉम्प्युटर यांचा संबंध काय?

संबंध जुना आहे. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये मागावर छिद्रांचे पुठ्ठे बसवले. छिद्र असेल तिथे उभा धागा उचलला जाई, नसेल तिथे खाली राही, आणि नक्षी पुठ्ठ्यांच्या माळेत साठवलेली असे. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच पुठ्ठे घेतले. पुढे अपोलो यानांच्या कॉम्प्युटरची कायमची स्मृती तर अक्षरशः ओवलेली होती. अमेरिकेतल्या वॉल्थम इथल्या रेथिऑन कारखान्यात बायका चुंबकीय कड्यांमधून तारा ओवत. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एकदा ओवलं की तो प्रोग्रॅम बदलता येत नसे.

कलेच्या बाजूने पाहिलं तर २००७ मध्ये लीह बुकले यांच्या कामातून लिलिपॅड हा कापडावर शिवता येणारा बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी) बाजारात आला आणि शिवणकाम करणाऱ्यांना हे क्षेत्र खुलं झालं. एब्रू कुर्बाक आणि इरेने पॉश यांनी २०१८ मध्ये भरतकामाच्या सोनेरी तारांनी चालता कॉम्प्युटर केला. त्यातले स्विचसुद्धा तारेच्या वेटोळ्यांनी आणि चुंबकी मण्यांनी बनवलेले आहेत. भरतकाम ही घरातली फावल्या वेळची गोष्ट आणि कॉम्प्युटर ही कारखान्यातली मोठी गोष्ट, ही वाटणी कुणी आणि का केली, असा थेट प्रश्न ते काम विचारतं.

सुरुवात कशाने करावी?

एक एलईडी, एक बटण-सेल, दोन धागे. साहित्य असं: सीआर२०३२ सेल आणि शिवता येईल असं त्याचं घर, ५ मिलिमीटरचा लाल एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा भाग), स्टेनलेस स्टीलचा तीनपदरी वाहक धागा एक मीटर, वीतभर घट्ट विणीचं सुती कापड, भरतकामाची मोठ्या नेढ्याची सुई, बिनरंगी नेलपॉलिश आणि मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र).

आधी एलईडीचे पाय वळवा. टोकदार पकडीने लांब पाय (धन) चौकोनी वळवा आणि आखूड पाय (ऋण) गोल. पाय वळल्यावर लांब-आखूड ओळखता येत नाही, म्हणून ही खूण. रेझिस्टरचे दोन्ही पाय गोल वळवा. मग खडूने दोन रेघा आखा आणि सेलच्या धन टोकापासून रेझिस्टरपर्यंत, तिथून एलईडीच्या चौकोनी कड्यापर्यंत धावदोरा घाला. रेझिस्टरपाशी धागा तोडून गाठ मारायची आणि पलीकडच्या कड्यापासून नवा धागा सुरू करायचा. धागा न तोडता पुढे नेला तर वीज रेझिस्टरला वळसा घालून जाते आणि तो नुसता शोभेला उरतो. दुसरी रेघ गोल कड्यापासून सेलच्या ऋण टोकापर्यंत. प्रत्येक कड्यात धागा चार-पाच वेळा, दर वेळी ओढून घट्ट घ्या. कडं हाताने हलत असेल तर जोड कच्चा आहे.

हिशेब सोपा आहे. सेल ३ व्होल्ट, लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, उरलेला १ व्होल्ट रेझिस्टर आणि धाग्यात खर्च होतो. तीनपदरी स्टील धाग्याचा रोध ३० सेंटिमीटरला साधारण १० ओहम. दोन्ही रेघा मिळून ४० सेंटिमीटर धरला तर १३ ओहम. म्हणजे प्रवाह सुमारे ४ मिलिअँपिअर. सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते, त्यामुळे दिवा दोनेक दिवस हळूहळू मंद होत चालतो.

निळा किंवा पांढरा एलईडी या सेलवर वापरू नका. त्यांना ३ व्होल्टच्या आसपास लागतात, आणि सेल जरा उतरला की ते मालवतात. लाल आणि निळा समांतर जोडून एकच रेझिस्टर दिला तर लालच पेटतो, कारण कमी व्होल्टेजवर सुरू होणारा दिवा सगळा प्रवाह ओढून घेतो.

वाहक धागा नाही मिळाला तर जरीचा दोरा चालेल का?

कुठली जर, यावर ते अवलंबून आहे. खऱ्या जरीत रेशमी गाभ्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा असतो, आणि ती वीज वाहते. आज बाजारात मिळणारी बहुतेक जर म्हणजे धातूचा पातळ थर दिलेली प्लास्टिकची पट्टी, वर लाखेसारखं रंगीत आवरण. ती चमकते पण वीज वाहत नाही, किंवा एका जागी वाहते आणि दोन इंचांवर तुटते. तांब्यावरची जर या दोन्हींच्या मधली. मल्टिमीटरच्या सुया दहा सेंटिमीटर अंतरावर टेकवून पाहा. आकडा आला नाही तर नखाने जरा खरवडून पुन्हा टेकवा.

जुन्या पैठणीचा काठ मोजून पाहायला हरकत नाही, त्यावर शिवू मात्र नका. घडीवर तार मोडलेली असते आणि सुई लागली की उरलेलीही सुटते. तशा काठाला न टोचता त्यामागे वेगळ्या कापडावर सर्किट करावं आणि काठ वरून हाताने टाचावा.

स्टीलचा धागा मोठ्या ऑनलाइन इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत मिळतो. बाकीचे सुटे भाग सांगली, मिरज, सातारा, कराड इथल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांत मिळतात, नाहीतर पुण्याची बुधवार पेठ आहेच. चांदीचा थर दिलेला नायलॉन धागाही असतो. त्याचा रोध कमी आणि शिवायला तो मऊ, पण हवेने आणि घामाने काळा पडतो. दोन पावसाळे काढायचे असतील तर स्टीलच घ्या.

कुठला टाका वापरावा?

लांब रेघांसाठी धावदोरा, एका इंचात पाच-सहा टाके. याहून मोठे टाके घातले तर कापड दुमडल्यावर सैल फासे वर येतात आणि शेजारच्या रेघेला टेकतात. वळणावर आणि जोडापाशी उलटी टीप, कारण ती ओढ सहन करते. दाबायच्या जागी, म्हणजे बोटाने स्पर्श होणार तिथे, साखळी टाका भरगच्च भरा. तिथे पृष्ठभाग जास्त हवा असतो.

स्टीलचा धागा स्प्रिंगसारखा वागतो. साधी गाठ तासाभरात आपोआप सैल होते. तीन गाठी मारून त्यावर नेलपॉलिशचा थेंब द्या, वाळू द्या, मगच शेपूट ५ मिलिमीटर ठेवून कापा. आधी कापलं तर गाठ सुटते, लांब ठेवलं तर शेपूट पिंजून दुसऱ्या रेघेला चिकटते. फेविक्विक नको, त्याने धागा कडक होतो आणि गाठीलगत मोडतो.

मशीनवर शिवायचं तर हा धागा फक्त बॉबिनमध्ये भरा, वरून साधा पॉलिस्टर. वरचा धागा सुईच्या नेढ्यातून शिवला जाण्याआधी बऱ्याचदा मागे-पुढे घासला जातो, त्यात स्टीलचे तंतू पिंजतात. बॉबिन-केसचा स्क्रू किंचित सैल करा आणि आधी चिंधीवर चालवून पाहा. टीप झाल्यावर हूकच्या आसपासचा भाग ब्रशने साफ करा.

स्टीलच्या धाग्याला सोल्डरिंग का होत नाही?

स्टेनलेस स्टीलवर ऑक्साइडचा पातळ, पक्का थर असतो आणि नेहमीचा रोझिनचा फ्लक्स (कथील धरावं म्हणून लावतात तो पदार्थ) तो काढू शकत नाही. आम्लाचा फ्लक्स वापरला तर कथील धरतं, पण उरलेलं आम्ल कापड आणि तांबं दोन्ही खातं. म्हणून मध्ये टिचबटण घाला. बटणाची एक वाटी पॉलिश पेपरने घासून तिला तारेचं सोल्डरिंग करा (कापडाला लावण्याआधी, नाहीतर कापड करपतं) आणि जोडीदार वाटी स्टील धाग्याने कापडावर शिवा, प्रत्येक छिद्रातून चार वेढे.

याने आणखी एक मोठं काम होतं. बोर्ड काढता येतो. धुताना, दुरुस्त करताना, बोर्ड जळाल्यावर बदलताना वाकळ उसवावी लागत नाही. जो जोड सोडवता येत नाही तो या कामात करूच नये, असं आमचं ठाम मत आहे. वाकळ वीस वर्षं टिकते, बोर्ड तितका टिकत नाही. पुढच्या माणसाला आतलं काढून नवं बसवता आलं पाहिजे.

पूर-वाकळ कशी करायची? माप, भाग, जोडणी सांगा.

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर. पावसाळ्यात हे आकडे दर तासाला मोबाईलवर येतात, आणि ऐकणारा लगेच मनात हिशेब करतो की आता पाणी आपल्या गल्लीत कुठवर असेल. या कलाकृतीत तो आकडा कापडावर उतरवायचा आहे. प्रमाण असं: पुलाचा एक फूट म्हणजे वाकळीचा एक इंच. वाकळ ६० इंच उंच, ३६ इंच रुंद. खालून ४०, ४५, ५३ आणि ५७ इंचांवर एकेक लाल दिवा. वाकळीच्या बाजूने जुन्या सुती साडीचा पदर खाली सोडायचा, त्याचं टोक पाण्याच्या कळशीत. पाणी कापडातून वर चढेल तसे दिवे लागत जातात. बघणाऱ्याला थांबावं लागतं, आणि पाणी कुठवर आलं हे त्याला डोळ्यांनी दिसतं.

भाग: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) एक, लाल एलईडी चार, ६८० ओहमचे रेझिस्टर चार, १ लाख ओहमचे चार, १०० मायक्रोफॅरड कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) एक, २०० मिलिअँपिअरचा पुन्हा जुळणारा फ्यूज एक, टिचबटणाच्या अकरा जोड्या, तीनपदरी स्टील धागा २० मीटर.

थर लावण्याचा क्रम महत्त्वाचा. वाकळीचा दर्शनी थर आणि पाठीचा थर आधी सुटे ठेवा. दर्शनी थरावर चार दिव्यांच्या धन रेघा शिवा, प्रत्येकीत तिचा ६८० ओहमचा रेझिस्टर. सामाईक ऋण रेघ पाठीच्या थरावर. मध्ये जुन्या साड्यांचे दोन-तीन थर येतात, तेच तुमचं इन्सुलेशन. एलईडीचा गोल पाय मधल्या थरांतून मागे नेऊन ऋण रेघेला बांधा. हे सगळं तपासून झालं की मगच चारी कडांनी आत येत जाणारा नेहमीचा धावदोरा साध्या सुती दोऱ्याने घाला. सुती दोरा स्टीलच्या रेघेवरून गेला तरी काही बिघडत नाही.

आता हिशेब, कारण इथेच बहुतेक कामं फसतात. स्टील धाग्याचा रोध मीटरला ३३ ओहम. बोर्ड तळाशी असेल तर ४० इंच म्हणजे सुमारे एक मीटर ऋण रेघ चारही दिव्यांचा प्रवाह एकटी वाहते. ४ मिलिअँपिअर प्रमाणे १६ मिलिअँपिअर, गुणिले ३४ ओहम, म्हणजे अर्ध्या व्होल्टहून जास्त घट. एक दिवा लागलेला असताना तो ठीक दिसतो आणि चौथा लागला की सगळे मंदावतात. उपाय म्हणून ऋण रेघ तीन पदरी करा: एकाच जागी शेजारी-शेजारी तीन ओळी, दर वीतभर अंतरावर एकमेकींना बांधलेल्या. रोध ११ ओहमवर येतो आणि घट ०.२ व्होल्टच्या आत. धन रेघांत एकेका दिव्याचाच प्रवाह असतो, तिथे एक ओळ पुरते.

पदराची जोडणी जरा बारकाईने वाचा. एक लांब रेघ (हिला पुरवठा म्हणू) वरून खाली, पाण्याच्या पातळीच्या १ सेंटिमीटर वरपर्यंत. तिच्या शेजारी चार रेघा, एकमेकींत १ सेंटिमीटर अंतर, आणि त्यांची खालची टोकं पाण्यापासून अनुक्रमे २, ४, ६, ८ सेंटिमीटरवर संपणारी. प्रत्येक रेघ आपल्या टोकापासून वरच्या दिशेनेच गेली पाहिजे. ८ सेंटिमीटरची रेघ वळसा घालून खालून नेली तर ती पहिल्याच मिनिटाला भिजते आणि ५७ फुटांचा दिवा सर्वांत आधी लागतो. पुरवठा रेघ बोर्डाच्या एका डिजिटल पायाला, बाकी चार ए० ते ए३ या मोजमाप घेणाऱ्या पायांना, आणि प्रत्येकीपासून ऋणाकडे १ लाख ओहमचा रेझिस्टर. हे चार रेझिस्टर कापडावर नको, बोर्डाजवळच सोल्डर करा.

प्रोग्रॅममध्ये पुरवठ्याचा पाय दर दोन सेकंदांनी ५ मिलिसेकंदच चालू करायचा, चार वाचनं घ्यायची आणि लगेच बंद. सतत चालू ठेवला तर पाण्यातून वीज वाहत राहते, विद्युत-अपघटन होतं, धागा गंजू लागतो आणि कापडावर तपकिरी डाग पडतो. वाचन ० ते १०२३ मध्ये येतं. कोरड्या कापडाचं, दमट हवेत रात्रभर टांगलेल्या कापडाचं आणि ओल्या कापडाचं वाचन लिहून काढा, आणि दमट व ओल्याच्या मधोमध सीमा ठरवा. वाचन तिच्या वर गेलं की दिवा लावायचा. चारही रेघांची सीमा वेगळी ठेवा, कारण पुरवठ्यापासून त्यांचं अंतर वेगळं आहे.

पाणी पदरात चढतच नाही. काय चुकलं?

कापड नवीन असेल. नव्या कापडातली खळ आणि तेलकट अंश पाणी चढू देत नाहीत. सोडा घालून उकळून दोन-तीनदा धुवा, किंवा सरळ वापरून मऊ झालेली साडी घ्या. पॉलिस्टर मिसळलेली साडी चालत नाही. पाणी नळाचं घ्या. डिस्टिल्ड पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही, तर खारट बोअरच्या पाण्याने वाचन एकदम वर जातं. पाणी बदललं की सीमाही पुन्हा ठरवावी लागते.

वीज कुठून द्यावी? पॉवर बँक चालेल?

पॉवर बँक बहुतेक वेळा चालत नाही आणि कारण पटकन लक्षात येत नाही. ही वाकळ ४० मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. इतका कमी प्रवाह पाहून बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं की मोबाईल भरला, आणि त्या अर्ध्या-एक मिनिटात स्वतःला बंद करतात. लोक मग टाके उसवून दोष शोधत बसतात. मोबाईलचा चांगला चार्जर वापरा, किंवा चार रिचार्जेबल एए सेल (एकूण ४.८ व्होल्ट) बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पायाला द्या. २००० मिलिअँपिअर-तासाचे सेल असतील तर दोन दिवस निघतात. सेल आणि यूएसबी एकाच वेळी जोडू नका. कपॅसिटर बोर्डाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर दिवा लागताना व्होल्टेज क्षणभर खचतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

यात शॉक बसण्याचा किंवा आग लागण्याचा धोका आहे का?

५ व्होल्टला शॉक बसत नाही. आगीचा धोका मात्र खरा आहे. चार एए सेलच्या दोन टोकांमध्ये १० सेंटिमीटर स्टील धागा आडवा पडला तर रोध ३.३ ओहम, प्रवाह जवळपास दीड अँपिअर, आणि त्या वीतभराहून छोट्या धाग्यात ७ वॉट उष्णता. कापड करपतं, आणि कापूस असेल तर धुमसतो. म्हणूनच तो २०० मिलिअँपिअरचा फ्यूज, आणि तो सेलच्या घराला लागून, लाल तारेतच हवा. मध्ये कुठेतरी लावला तर त्याआधीच्या भागाला संरक्षण राहत नाही.

लिथियमची मऊ पाकिटासारखी बॅटरी वाकळीत शिवू नका. ती दुमडली, टोचली की पेटू शकते. घरातला २३० व्होल्टचा पुरवठा कापडाजवळ कुठल्याही कारणाने आणू नका.

आणि बटण-सेल लहान मुलांपासून दूर. गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांत गंभीर जखम करतो. सेलच्या खिशाला टिचबटण पुरेसं नाही, तोंड दोऱ्याने शिवून टाका. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

घोंगडीवर हे काम होतं का?

होतं, पण वाकळीची पद्धत तशीच्या तशी चालत नाही. माण-खटावच्या बाजूला मिळणारी घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, जाडीभरडी, विण मोकळी. स्टीलचा टाका लोकरीत बुडून दिसेनासा होतो, ही जमेची बाजू. पण तो सरकतोही, त्यामुळे दोन रेघांतलं अंतर आपोआप बदलतं. घोंगडीच्या मागे सुती पट्टी टाचा आणि रेघा त्या पट्टीवर शिवा, घोंगडीतून फक्त दिव्यांपुरती वाट ठेवा. रेघांमध्ये किमान २ सेंटिमीटर अंतर.

घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती दमट हवा धरते आणि किडीलाही आवडते. पावसाळ्यात स्पर्शाचे सेन्सर आपोआप चालू-बंद होऊ लागले तर आधी घोंगडी उन्हात टाका, प्रोग्रॅम नंतर बघा. हिवाळ्यात उलट त्रास असतो. कोरड्या हवेत लोकर घासली की स्थिर वीज साठते आणि ठिणगी थेट बोर्डाच्या पायात जाते. स्पर्शाच्या प्रत्येक रेघेत बोर्डाजवळ १००० ओहमचा रेझिस्टर घाला.

सनगरांकडून घोंगडी विणून घेताना स्टीलचा धागा आडव्यात टाकून मागता येतो. तो कुठल्या इंचावर हवा हे कागदावर नव्हे, दोरीला गाठी मारून द्या. मागावर बसलेल्या माणसाला ती दोरी कापडाशेजारी धरून मोजता येते.

विटा गावच्या यंत्रमागावर कापड विणून मिळेल का?

आडव्यासाठी शक्य आहे. कांडीवर स्टीलचा धागा सुताबरोबर जोडीने भरा, एकटा भरला तर तो धोट्यातून उसळून गुंतागुंत होते. उभ्यात घालणं मात्र लहान कामाला परवडत नाही, कारण बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) नव्याने भरावा लागतो. ज्या मागांवर उभा धागा तुटल्यावर माग थांबवणारी विजेची सोय आहे तिथे स्टीलचे बारीक तंतू पडून माग विनाकारण थांबू शकतो, हे मालकाला आधी सांगा. पाच मीटरच्या नमुन्यासाठी माग अर्धा दिवस अडतो. त्या अर्ध्या दिवसाच्या उत्पादनाचे पैसे द्या, मीटरचे नव्हे.

इलेक्ट्रॉनिक्सशिवाय सेन्सर करता येतो का?

येतो, आणि सांगलीत तो करायलाच हवा. हळदीने रंगवलेलं कापड स्वतःच सेन्सर आहे. १०० ग्रॅम सुती कापडाला २० ग्रॅम हळदपूड, अडीच लिटर पाणी, मंद आचेवर अर्धा तास. हळद सुताला थेट धरते, तुरटीची गरज नाही. वाळलेल्या पिवळ्या कापडावर चुन्याची निवळी, साबणाचं किंवा सोड्याचं पाणी लागलं की ते लालसर-विटकरी होतं, आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. हळदीतल्या कर्क्युमिनचा रंग आम्ल-अल्कलीनुसार बदलतो. कपडे धुण्याच्या घाटावरचं पाणी, साबण पावडरचं सांडपाणी, चुनखडीची विहीर यांचे ठसे एकाच कापडावर शेजारी-शेजारी घेता येतात. घेताना प्रत्येक ठशाखाली जागा आणि तारीख दोऱ्याने टाका. उन्हात हळद लवकर उडते. ते टाळायचं असेल तर काम सावलीत टांगा.

मल्टिमीटर वाजत नाही, म्हणजे धागा तुटला का?

नाही. कंटिन्युइटीचा (धागा अखंड आहे हे सांगणारा) आवाज बऱ्याच मीटरमध्ये साधारण ३० ते ५० ओहमच्या खालीच येतो. दीड मीटर स्टील धागा ५० ओहमचा, त्यामुळे तो शाबूत असूनही मीटर गप्प राहतो. २०० ओहमच्या पट्टीवर आकडा वाचा. आकडा हिशेबाच्या जवळ आला तर धागा ठीक. कापड हलवताना आकडा नाचत असेल तर जोड सैल आहे.

दोष शोधताना क्रम ठेवा. सेल काढा. धन आणि ऋण यांच्यात आकडा येतो का पाहा. बोर्ड काढलेला असताना काहीच यायला नको, आलाच तर कुठेतरी शेपूट टेकलंय. मग प्रत्येक रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग टिचबटणं. हिरवट झालेली टिचबटणं पांढऱ्या खोडरबराने घासली की सुधारतात.

धुवायची कशी?

बोर्ड आणि सेल काढा, सौम्य साबणाच्या गार पाण्यात हाताने बुचकळा, पिळू नका. पिळल्याने स्टील मोडत नाही, पण जोडाची कडी फिरतात. आडवं पसरून वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नका. धोपटणं बाद.

नुसते दिवे लावले तर ती कलाकृती होते का?

लुकलुकणारा पदर सुंदर दिसतो, लग्नात शोभतो, आणि त्यात काही वाईट नाही. पण तंत्रज्ञान आणि समाज यावर काही म्हणायचं असेल तर दिवा कशामुळे लागतो हे दिव्यापेक्षा महत्त्वाचं. तो कुठल्या माहितीवर चालतो, ती कुणाची, ती मोजायचा अधिकार कुणाला? ऊसतोडीला आलेल्या बाईने दिवसभरात बांधलेल्या मोळ्या मुकादम वहीत मोजतो. तोच आकडा तिच्याच पदरावर तिच्याच बोटाने टाक्या-टाक्याने वाढत गेला तर हिशेबाची वही कुणाच्या हातात जाते? असा प्रश्न आधी सापडावा आणि त्याला लागतील तेवढेच भाग घ्यावेत. कित्येकदा एक दिवा पुरतो.

वाकळ शिवणाऱ्या बायकांबरोबर काम करताना काय ठरवावं?

मोबदला नगावर ठरवू नका, दिवसावर ठरवा. स्टीलच्या धाग्याने शिवायला साध्या दोऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, उसवणं येतं, आणि नगावर दर असला की तो सगळा वेळ त्यांच्या पदरचा जातो. पहिल्या दिवशी एक एलईडी प्रत्येकीच्या हाताने लावून घ्या. कशाला कशाचा स्पर्श व्हायला नको हे एकदा कळलं की टाक्यांची वाट त्याच जास्त चांगली सुचवतात, विशेषतः कोपऱ्यावर.

जुनी साडी कुणाची हे विचारून, लिहून घ्या. ती कापायची परवानगी वेगळी मागा. पाठीच्या थरावर एक सुती पट्टी शिवा आणि तिच्यावर शिवणाऱ्या सगळ्यांची नावं, त्यांना चालत असेल तर, त्यांच्याच अक्षरात टाका. त्याच पट्टीवर सर्किटचा नकाशाही टाका: कुठली रेघ कुठे जाते, रेझिस्टर किती ओहमचे, सेल कसले. कागदावरचा नकाशा पहिल्या स्थलांतरात हरवतो.